सात नंबरची जागा

गास्तोंनं सायकलचं हँडल धरलं ते सोडेचना.

“आज रविवार आहे, ऑदील. शिकार चालू असल्याची पाटी लावलीय, वाचता येतं ना? गावात दुसरे रस्ते मेले का?”

“रेल्वे बंद झाली, तेव्हा रूळ उखडून इथं खडी टाकली ती सायकलींसाठी. तुमच्या रानडुकरांसाठी नाही.”

“बरं बाई. निदान नारंगी जाकीट तरी घाल.”

“एमिलनं घातलं होतं.”

गास्तोंचा हात खाली आला. तो गावच्या शिकारमंडळाचा म्होरक्या. एरवी बायकोला विचारल्याशिवाय पावही आणत नाही, पण गळ्यात शिकारीचं फुंकायचं शिंग अडकवलं की त्याचा रुबाब काही विचारू नका. या बाईपुढं मात्र तो रुबाब टिकत नसे. आठ वर्षांपूर्वी याच वाटेवर, सात नंबरच्या जागेपाशी, बातिस्तची गोळी झुडपातून आरपार गेली होती आणि सायकलवरून चाललेला तिचा नवरा, एमिल, खडीवर कोसळला होता.

कोर्टानं बातिस्तचा परवाना पाच वर्षं काढून घेतला. पाच वर्षं संपली आणि तो परत येऊन उभा राहिला. कुठं, तर त्याच सात नंबरला! कुत्री जंगलातून डुकरं हाकायची आणि वाटेच्या कडेला नंबरवार जागांवर शिकारी बंदुका घेऊन उभे असायचे; कोण कुठं, ते सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सात नंबर दुसऱ्या कुणाला निघाला, की हा घरी गाळलेल्या प्लमच्या दारूची बाटली देऊन ती जागा बदलून घ्यायचा. तीन हंगाम हेच चाललं होतं. पाववालीनं हे सांगितलं तेव्हा ऑदीलच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसानं किती निर्लज्ज असावं!

“तू मला शब्द दिलायस, गास्तों.”

“दिलाय ना. वाटेवर माणूस दिसलं की गोळ्या काढून बंदूक बिजागरीत मोडून, नळ्या उघड्या ठेवून हातावर घ्यायची, हा आपला नियम. बातिस्तनं बंदूक मोडली नाही एवढं तू म्हण. आजच्या आज त्याला मंडळातून काढतो, पुन्हा घेणार नाही. जा. मी मागून येतोच.”

ती निघाली. आठ वर्षांत पहिल्यांदाच या वाटेवर तिची चाकं पडत होती. उजवीकडं कापणी झालेली शेतं, डावीकडं जंगल, आणि चाकाखाली करकरणारी खडी. बाकी सगळं चिडीचूप. पहिल्या जागेवर खाटिक उभा होता. खडीचा आवाज ऐकताच त्यानं गोळ्या काढल्या, बंदूक मधोमध मोडून हातावर घेतली आणि मान लववली. दुसऱ्यानं मोडली. तिसऱ्यानं मोडली. सहाव्यापर्यंत सगळ्यांनी मोडली. तू मोडू नकोस, बातिस्त, ऑदील मनाशी घोकत होती. तू मोडू नकोस.

सहाव्यानंतर वाट वळत होती. वळण संपलं आणि तो दिसला. पार वाळला होता.

त्यानं तिला पाहिलं, ओळखलं. पण हात हलले नाहीत. बंदूक मिटलेलीच राहिली.

सापडलास! तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण त्याच क्षणी तिनं ब्रेकही दाबला. त्याच माणसाच्या हातात तीच मिटलेली बंदूक, आणि एमिलच्या जागी आता ती.

जंगलात कुत्री पिसाळल्यासारखी भुंकू लागली. झुडपं दुभंगली आणि भलंमोठं रानडुक्कर वाटेवर आलं. क्षणभर थबकलं, आणि सरळ तिच्या दिशेनं सुटलं. त्याच्या मागं बातिस्त होता, म्हणजे गोळी तिच्याच दिशेनं येणार. ऑदीलला ओरडायचं होतं, मारू नकोस म्हणून. तिनं डोळे मिटले.

गोळी सुटलीच नाही. कुणीतरी बोंबलत धावत होतं. तिनं डोळे उघडले. बातिस्तनं बंदूक खडीवर फेकून दिली होती आणि हात हवेत नाचवत तो तिच्याकडं धावत येत होता. डुक्कर बिचकलं, तिच्या पुढच्या चाकाला घासून बांधाखाली उतरलं आणि शेतातून पसार झालं. ती सायकलसकट आडवी झाली.

“अरे बाबा, मारायचं सोडून बोंबलतोस काय!” वळणापलीकडून सहाव्याचा आवाज आला. मागोमाग हसणं.

बातिस्तनं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही. ती आपली आपण उठली. तिचा बाप शिकारी होता. भरलेली बंदूक कुणी दगडावर फेकत नाही, एवढं तिला कळत होतं. लंगडत गेली, बंदूक उचलली आणि मोडली.

दोन्ही नळ्या रिकाम्या.

“गोळ्या कुठं आहेत?”

“हळू बोला.” त्यानं वळणाकडं पाहिलं. “म्हणूनच मोडली नाही मघाशी. मोडली असती तर काढायला गोळ्याच नाहीत, हे दिसलं असतं. गास्तोंला कळलं तर जागा जाईल.”

“गोळ्या कुठं आहेत, बातिस्त?”

“नाहीतच. परवाना मिळाल्यापासून विकत घेतल्या नाहीत.”

“मग इथं उभा कशाला राहतोस? हसतात तुला सगळे. थुंकतात मागून.”

त्यानं उधळलेली खडी बुटानं सारखी केली.

“इथं कुणी ना कुणी उभं राहणारच, ऑदीलबाई. मी राहिलो, तर तेवढी एक बंदूक तरी रिकामी असते.”

गास्तों धापा टाकत वळणावर आला. ऑदीलनं चटकन बंदूक मिटली आणि बातिस्तच्या हातात दिली. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते तिला आत्ता जाणवलं.

“बोल, ऑदील,” गास्तों म्हणाला. “तू आलीस तेव्हा मोडली होती का यानं?”

बातिस्तनं मान वर केली नाही.

“मोडली होती,” ती म्हणाली. “आणि यापुढं सात नंबरची चिठ्ठी टाकू नकोस, गास्तों. ही जागा याची.”