पिंपातलं इंजिन

केंद्राच्या पोलीस निधीतून आमच्या नदीकाठच्या चौकीला होडीचं इंजिन आलं, तेव्हा होडी मंजूरच झाली नव्हती. ती पुढच्या हप्त्यात मिळणार होती. पुढचा हप्ता यायला चार वर्षं लागली.

तोवर हवालदार नैतामकाका दर सोमवारी पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवायचे, दहा मिनिटं चालवायचे आणि पुसून ठेवायचे. आम्ही शिपाई पोट धरून हसायचो. मी तर विचारायचो, "काका, आज कुठवर गेलात?"

"इथंच आहे बाबा," ते म्हणायचे. "गंजायला नको."

शेवटी या शनिवारी होडी आली. रविवारी सकाळी नदीला पूर होता आणि पलीकडच्या पाड्यावरून फोन आला, उसेंडींच्या सुनेला साप चावलाय. काकांनी इंजिन होडीला लावलं. मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं.

तिला अलीकडे आणून दवाखान्यात पोचवलं. दुपारभर आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. संध्याकाळी तिनं चहा मागितला, तेव्हा कुठे तिच्या सासऱ्यांनी पायांवरचा चिखल पुसला.

आज सोमवार. पुराच्या पाण्यानं इंजिनात गाळ बसला असेल, म्हणून काका बादली घेऊन निघाले. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पिंप काठोकाठ भरलं.

काकांनी इंजिन पाण्यात सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बोल, आज कुठवर जायचं?"