मनोऱ्याखालचं पिवळं घर

मनोरा दिसला, पण पिवळं घर काही दिसेना. हेडलीने शीड जरा सैल सोडलं आणि बोट खाडीच्या तोंडाबाहेर रेंगाळत ठेवली.

गॅनेट कोव्ह गावच्या या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक आहे. गाव त्याला म्हातारी म्हणतं, कारण तिने आजवर कुणाची भीड ठेवलेली नाही. नकाशात ती आहे, पण चाळीस हात चुकीच्या जागी. म्हणून आत शिरताना बाबांचा एकच नियम होता. चर्चचा मनोरा बरोबर आपल्या पिवळ्या घराच्या डोक्यावर धरायचा आणि नाकासमोर यायचं. बाकी कुणी काहीही सांगो, ऐकायचं नाही. हेडली आणि गार्लंड, दोघे भाऊ हा नियम नीट चालायला लागण्याआधी शिकले होते.

धुकं सरकलं आणि घर दिसलं. पिवळंजर्द. आठवणीतल्यापेक्षा लहान वाटलं, पण लहानपणीची घरं मोठेपणी आटतातच. हेडलीने मनोरा त्याच्या डोक्यावर धरला आणि सुकाणू घट्ट केलं.

बोट बाबांची होती. ते गेल्यावर रिवाजाप्रमाणे ती थोरल्याची, म्हणजे गार्लंडची झाली. आणि बावीस वर्षांपूर्वी हेडली एका पहाटे न विचारता ती घेऊन निघून गेला. तेव्हापासून दोघांमध्ये अवाक्षर नाही. महिन्यापूर्वी त्याने पत्र टाकलं होतं. ‘शनिवारी दुपारच्या भरतीला येतो. बोट तुझी आहे, तुला देतो. धक्क्यावर आलास, तर माफ केलंस असं समजेन.’ उत्तर आलं नव्हतं.

वारा पाठीमागून, समुद्रावरून येत होता. डाव्या हाताला पाणी उकळल्यासारखं वर येऊन फुटलं. म्हातारी तिथेच होती. तेवढ्यात समोरचं घर किंचित डुगडुगल्यासारखं वाटलं. हेडलीने डोळे चोळले. बोट हलली की सगळं गावच हलतं.

पूर्वेच्या काठावर एक पांढरंशुभ्र घर नवीन उठलं होतं. माडीची खिडकी मात्र तिरकी. आजकालचे सुतारही आपल्या बाबांसारखेच, असं मनात येऊन त्याला हसू आलं.

आतल्या संथ पाण्यात येताच त्याने शीड उतरवलं आणि इंजिन न लावता उरलेल्या वेगावर बोट धक्क्याकडे वळवली.

“दोर नीट फेक रे! बावीस वर्षांत तेवढंही विसरलास?”

थर्झा आत्या होती. ऐंशी ओलांडलेली, पायात रबरी बूट. नात्याची कुणी नव्हे, पण गावातली प्रत्येक म्हातारी सगळ्यांचीच आत्या. तिने दोर झेलून खुंट्याला दोन वेढे दिले.

“आत्या, जरा ओढ की.”

“मी ओढू? अख्खी लाकडी घरं दोर बांधून पाण्यावरून ओढलीत या गावाने, आणि तुला एवढंसं होडकं ओढवेना?”

हेडलीने बोट ओढून धक्क्याला लावली आणि वर उडी मारली. चौघे जण खेकड्यांचे सापळे दुरुस्त करत बसले होते. त्यांनी मान हलवली. त्यांत गार्लंड नव्हता.

“गार्लंड कुठाय?”

“आहे की,” आत्या म्हणाली.

“माझं पत्र पोचलं नाही का?”

“न पोचायला काय झालं? आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवलं त्याने. दोनदा.”

“मग?”

“घरापाशी गुंतलाय. हात मोकळे नाहीत त्याचे. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.”

सापळेवाल्यांपैकी एकाला हसू दाबताना ठसका लागला. हेडलीला ते हसणं फार झोंबलं. वाचून दाखवलं, दोनदा, आणि तरी आला नाही. उत्तर मिळालं होतं. उद्याच्या बसने परत जायचं, त्याने ठरवून टाकलं.

त्याने खिशातून इंजिनाची किल्ली काढली. “आत्या, एवढी त्याला दे.”

“मी नाही देणार. आपल्या हाताने नेलीस ना? आता आपल्या हाताने दे.” तिने पाठ फिरवली. “मी तिघांचा चहा टाकते.”

“मी थांबणार नाही, आत्या.”

“बरं बरं. साखर किती?”

तो चढण चढू लागला. किल्ली मुठीतच होती. काय बोलायचं? की दारातच किल्ली ठेवून वळायचं? बासष्टाव्या वर्षी त्याला आपल्याच घराची भीती वाटत होती. वर ताज्या रंगाचा वास दरवळत होता.

दारासमोर उभं राहून त्याने टकटक केली. आवाज पोकळ आला. कडी धरायला गेला, तर बोटं सपाट फळीवरून घसरली. कडी रंगवलेली होती. खिडक्याही. पडदेसुद्धा. त्याची बोटं पिवळी झाली होती.

तो वळसा घालून मागे गेला.

मागे घर नव्हतं. गुडघाभर गवतात पायाचे जुने दगड पडले होते. खाडीपलीकडच्या पांढऱ्या घराची तिरकी खिडकी इथून स्वच्छ दिसत होती, आणि ती बाबांनीच बसवलेली होती. फळ्यांच्या भिंतीला दोन टेकू होते. तिसरा वाऱ्याने मोडून पडला होता, आणि त्याच्या जागी गार्लंड उभा होता. कोपरापर्यंत पिवळ्या-पांढऱ्या रंगाने माखलेला, खांदा आणि दोन्ही हात फळ्यांना रेटून.

“लागली का बोट धक्क्याला?” त्याने धापा टाकत विचारलं. “मग सोडू का आता?”