सहा चिंचोके

डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली, तेव्हा रुद्रप्पाच्या मुठीत सहा चिंचोके होते. चार कमलम्माच्या पिशवीत राहिले होते.

तलावाकाठच्या बागेतल्या फेऱ्या ती अशाच मोजायची. एक फेरी झाली की पिशवीतून एक चिंचोका काढून नवऱ्याच्या हातावर ठेवायची. रोज दहा. त्या सकाळी सहाव्या फेरीनंतर ती बाकावर बसली, ती उठलीच नाही.

आठ महिन्यांपूर्वी तिची साखर वाढली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. "मला मेलीला काय धाड भरलीय? घरात काय कमी चालते व्हय?" म्हणून ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती.

गिरणीत असताना रुद्रप्पा बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळायचा. एक दिवस तो म्हणाला, "यंदा ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरतो. एकेक डाव चार तास चालतो. शेवटी अंग थकलं की डोकं चालत नाही, हातातला डाव जातो. दम वाढवायला पाहिजे. पण एकट्याला कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे कमलम्माच बूट घालून दारात उभी. "उठा की! घोडा अडीच घरं चालतोय, तुमी एक तरी चाला!"

चार महिन्यांत रुद्रप्पाचं पोट उतरलं. तिची साखरही.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीने, काव्याने, ती पिशवी उपसली. चिंचोक्यांखाली हृदयाच्या डॉक्टरांचा महिन्यापूर्वीचा कागद होता. तपासणी होईपर्यंत चालणं बंद, असं त्यावर लिहिलं होतं.

"मला माहीत होतं अप्पा," काव्या म्हणाली. "अव्वानं शपथ घातली होती. म्हणाली, मी थांबले की हे पण थांबतील. महिन्यावर स्पर्धा आलीय, चौथ्या तासाला हरले म्हणजे? ती झाली की करू तपासणी."

रुद्रप्पाने कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"स्पर्धा रविवारीच आहे ना? तुम्ही जा. तिनं त्यासाठीच..." काव्याने पिशवीतून निघालेले चार चिंचोके त्याच्यापुढे ठेवले.

"बघू."

"बघू काय, अप्पा? खेळायचंच."

रुद्रप्पाने चारही चिंचोके एकेक करून पिशवीत टाकले. कमलम्मा घराबाहेर पडून चालू लागावी, एवढंच त्याला हवं होतं. स्पर्धेचा फॉर्म त्याने भरलाच नव्हता.