उद्यापन

"आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल," समुपदेशक नाडकर्णी मॅडम म्हणाल्या, तशी कुंदाताईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

स्वयंपाकघरात सिलिंडर फुटला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दर सोमवारी, उपास सांभाळून, त्या इथे येत होत्या. घेतला वसा टाकला की गेलेलं संकट माघारी फिरतं, हे त्यांनी लहानपणापासून कहाण्यांत ऐकलं होतं.

"नको हो मॅडम. येणं सोडलं आणि तो भडका पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागला तर?"

"मागच्या सोमवारी कुठे होतात?"

"अगं बाई!" कुंदाताई ओशाळल्या. उपास त्यांनी केला होता. इथे यायचं तेवढं साफ विसरल्या होत्या. "सुनेचं डोहाळजेवण होतं. सकाळपासून करंज्या तळत बसले."

"गॅस कुणी पेटवला?"

"कुणी म्हणजे? मीच—"

त्या थांबल्या. भाजल्याचे डाग असलेला उजवा हात त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"पण व्रत असं नुसतं सोडत नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "उद्यापन करतात. तुम्ही घरी जेवायला या."

"पेशंटकडे जेवायला जाता येत नाही आम्हाला," मॅडम हसल्या.

"मग महिन्याने येताना डबाच आणते, पुरणपोळीचा." कुंदाताई उठल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "पुरणाला आच मंद लागते बरं. तासभर गॅसपाशीच उभं राहावं लागतं."