यादीतलं सातवं नाव

कंपनीच्या वकिलांनी यादी वाचून दाखवली. त्या दिवशी बोईसरच्या कारखान्याच्या गेटातून आत गेलेले ठेकेदाराचे अकरा कामगार, त्यांची अकरा नावं. त्यांत नवशा नव्हता.

"जो आत गेलाच नाही, तो आत पडेल कसा?" वकील हसून म्हणाले आणि खाली बसले.

पालघरच्या त्या कोर्टातल्या सगळ्या नजरा व्हीलचेअरकडे वळल्या. नवशा मासवणचा, वय बत्तीस. दीड वर्षापासून कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. शेडच्या पत्र्यावरून पडलो, एवढं तो सांगायचा. त्यापुढे विचारलं की मिठाची गुळणी धरून बसायचा. भरपाई मिळाली तर औषधं, घरात चाकाची खुर्ची फिरेल एवढी फरशी आणि दोन पोरांची शाळा. नाही मिळाली तर दीपा, त्याची बायको, आणि तिचे दोन हात.

त्याची वकील वैभवी मात्र पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीपाशी अडली होती. वडील वीजकेंद्रात नोकरीला, ती तिथल्याच वसाहतीत वाढलेली. लहानपणी घरातला रेडिओ उघडून, आत बोलतं कोण ते बघून झाल्याशिवाय ती जेवायला उठली नव्हती. खोड तीच होती. ज्या शेडमध्ये माणूस गेलाच नाही, तिथे त्याचा मणका मोडतो कसा?

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं आणखी एक अजब गोष्ट पाहिली होती. दीपा डबा उघडून भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत होती, आणि जेवत होता कोण, तर कंपनीचा साक्षीदार नीलेश!

"दीपाताई, तो आपल्या विरुद्ध साक्ष द्यायला आलाय."

"ठाव हाय," दीपा म्हणाली. "पण माजा भाव हाय तो. सकाळधरनं उपाशी हाय."

नीलेशनं मान वर केली नव्हती. गळ्यात कायम नोकरीतल्या कामगाराचा निळ्या पट्टीचा नवाकोरा पास. अपघात झाला तेव्हा तोही ठेकेदाराकडेच होता. त्याची साक्ष ठरली आणि नोकरी पक्की झाली, दोन्ही एकाच महिन्यात.

आता तो पिंजऱ्यात उभा होता. त्या दिवशी मी कामावर होतो, म्हणाला. नवशा आला नव्हता, म्हणाला. सगळं पाठ करून आल्यासारखं, एका दमात. यादीत त्याचं नाव सातवं होतं.

वैभवी उठली. बोईसरच्या एका खाजगी दवाखान्याचं त्या दिवसाचं रजिस्टर तिनं अर्ज करून कोर्टामार्फत मागवलं होतं. ते आज सकाळीच आलं होतं. नवशाचं नाव त्यातही नव्हतं. पण मणका मोडलेला एक पेशंट होता. तिनं ती ओळ चार वेळा वाचली होती, आणि व्हरांड्यातला डबा आठवून पाचव्यांदा.

"नीलेश, ही ओळ वाचा. मोठ्यानं."

"दुपारी अडीच. पत्र्यावरून पडून मणका मोडला. दोन्ही पायांत हालचाल नाय."

"आणि पेशंटचं नाव?"

नीलेशनं रजिस्टर कठड्यावर ठेवलं. न्यायाधीशांनी रजिस्टर आपल्याकडे मागवून घेतलं, वाचलं आणि चष्म्यावरून साक्षीदाराला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. हा तर आत्ता धडधाकट पायांनी दोन पायऱ्या चढून पिंजऱ्यात आला होता.

वैभवीला आता सगळं लख्ख दिसलं. ठेकेदाराच्या माणसांचं तोंड गेटवर कोण बघतं? बघतात तो पासच्या पट्टीचा रंग. महिन्यात चौथा खाडा पडला की पास काढून घेतात. मग एखाद्याला ताप भरला की त्याचा पास गळ्यात घालून भाऊ जातो, नाहीतर मेहुणा जातो. पडलेल्याच्या गळ्यातल्या पासवर जे नाव, तेच दवाखान्यानं लिहून घेतलं. आणि पास दुसऱ्याला दिला हे उघड झालं की नीलेशची नोकरी गेलीच.

"मॅडम." मागून नवशा बोलला. दीड वर्षात पहिल्यांदाच कुणी न विचारता. "दावा मागं घ्या. मना नको ते पैसं."

दीपानं पदर तोंडात धरला. त्या दिवशी भावाच्या जागी नवऱ्याला तिनंच पाठवलं होतं. एक दिसाची तर गोष्ट हाय, म्हणाली होती. वैभवीला नवशाचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्याची मायाही आली.

कंपनीचे वकील लगबगीनं उठले. "साहेब, याच नावाचा दुसरा कुणी असेल. एका नावाची दहा माणसं निघतात."

वाट अगदी सोपी होती. नीलेशनं वकिलांच्या बोलण्याला नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"साक्षीदारांनी सांगावं," न्यायाधीश म्हणाले. "हे नाव तुमचंच आहे का?"

नीलेशनं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग गळ्यातला निळ्या पट्टीचा पास काढून समोरच्या कठड्यावर ठेवला.

"नाव माजंच हाय, साहेब," तो म्हणाला. "मणका भावोजींचा मोडला."