डांबराचे डाग
राजाजीनगरातल्या अरुंद गल्लीत शेजारचा मकरंद आपली पांढरी गाडी वाट अडवून लावायचा. भाग्यलक्ष्मीचे यजमान शिवाप्पा छातीत कळ येऊन कोसळले, तेव्हा ॲम्ब्युलन्स त्या गाडीमागेच अडकली. मकरंदने फोन उचलला नाही आणि शिवाप्पांनी घरातच प्राण सोडला. पुढच्या महिन्यात रस्त्याचं नवं डांबर त्याच गाडीवर उडालं. "काकू, हे डाग कशाने जातील?" मकरंदने विचारलं. खोबरेल तेल लावून मऊ फडक्याने पुसायचं, हे तिला ठाऊक होतं. शिवाप्पा स्कूटर तशीच पुसायचे. तिने खिडक्या रंगवून उरलेला थिनर आणि तारेची घासणी दिली. "जोर लावून घास हं." डांबर निघालं, पाठोपाठ रंग निघाला आणि पत्रा उघडा पडला. "काकू, वाट लागली हो गाडीची!" तो रडकुंडीला आला. भाग्यलक्ष्मीने बाटलीला बूच लावलं. "स्वल्प सोस. गाडी काय, दुसरी मिळते."