पट्टा कुठल्या बाजूला होता

“पोपटला तुमचा नंबर देऊ नका, मॅडम. डोकं खाईल,” रणजितने आधीच बजावलं होतं. नम्रताने ते हसण्यावारी नेलं आणि पोपटला नंबर दिला.

काम तसं सोपं होतं. मुठा टायगर्स ही पुण्याची व्यावसायिक बास्केटबॉल टीम तीन सीझन खेळली आणि बंद पडली. आता एका क्लबला तिच्या जर्सी भिंतीवर लावायच्या होत्या, खाली थोडक्यात इतिहास हवा होता. माहिती रणजित, पोपट, बद्रीनाथ हे टीमचे जुने खेळाडू देणार होते. नम्रता इतिहासात एम.ए. होती आणि पाच महिन्यांच्या पायलला घेऊन घरीच होती. नवरा, प्रज्ञेश, हैदराबादच्या प्रोजेक्टवर, शनिवारी यायचा. मांजरीच्या त्या नव्या सोसायटीत निम्मे फ्लॅट अजून कुलपात होते.

पोपट वारज्याहून स्वतः तिन्ही सीझनच्या जर्सी घेऊन आला. ताडमाड, पंचेचाळिशीचा, एकटा राहणारा. त्यात दुसऱ्या सीझनची निळी जर्सी, नारिंगी पट्ट्याची. नम्रता ती मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. आत दूध उतू गेलं, पायल रडून रडून लाल झाली. शेवटी पोपटनेच गॅस बंद केला आणि बाळाला खांद्यावर घेतलं.

“झोप होते का, ताई?”

“होते की.”

“हो, दिसतंय.”

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला पोपटचा.

“ताई, पट्टा डाव्या बाजूला आहे ना? उठून बघा जरा.”

“तुम्हीच घालत होतात ना ती?”

“घालणाऱ्याला पट्टा दिसत नाही, ताई. बघणाऱ्याला दिसतो.”

मग सोलापूरहून बद्रीनाथ. “पट्टा उजवीकडे होता. पोपटला डावं-उजवं कळत असतं तर आम्ही फायनल हरलो नसतो.” मग नाशिकहून रणजित. “तिसऱ्या सीझनला मालकाने कंपनीचं नाव एवढं मोठं छापलं की टीमचं नाव काखेत गेलं. हे लिहा. लिहिलंत? वाचून दाखवा.”

रोज कोणी ना कोणी. जर्सीशेजारी बाळाला झोपवून फोटो पाठवा, मापाचा अंदाज येतो म्हणे.

“ब्लॉक कर ना सगळ्यांना,” प्रज्ञेश म्हणाला.

तिने केलं नाही. त्याला बाकी काही सांगितलंही नाही. आपल्यावाचून पायलचं बरंच होईल, हा विचार आता तिला दचकवत नव्हता. तो घरातल्यासारखा झाला होता. येऊन बसायचा.

एका दुपारी तिने झोपलेल्या पायलच्या अंगावर दुपटं सारखं केलं, दार नुसतं लोटलं आणि चपला न घालता जिन्यापर्यंत गेली. हातातला फोन वाजला.

“बद्रीनाथ बोलतोय. पहिल्या सीझनची कॉलर गोल होती की व्ही? आत्ता लागतंय. मी धरून ठेवतो.”

ती चिडली. खूप चिडली. आणि कॉलर बघायला घरात परत गेली.

दुसऱ्या दिवशी कोणाचाच फोन आला नाही. सकाळ गेली, दुपार कलली. तिने स्वतःच पोपटला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा तेच. मग तिने रणजितला लावला.

“आज पोपटदादांचा फोन नाही. उचलतही नाहीत.”

“असं कसं? आज त्याचीच पाळी आहे.”

“कसली पाळी?”

“ताई, रागावू नका. तुमच्याकडून गेल्यावर त्याने आम्हाला फोन केले. म्हणाला, ती मुलगी बुडतेय. रोज एकाने तरी फोन करायचा. काहीही विचारा, पण तिला उठवा.”

“त्यांना काय कळलं माझं?”

“टीम बंद झाली तेव्हा तोही असाच बसायचा. जर्सी मांडीवर घेऊन. आम्ही समजायचो, नाटकं करतोय.”

पायल तिचा पदर ओढत होती. तिने तिला घट्ट धरलं.

“रणजितदादा, त्यांना रोज कोण फोन करतं?”

“पोपटला?” तो म्हणाला. “त्याला कशाला... तोच तर सगळ्यांना...”

नम्रताने त्याच्याकडून पोपटचा पत्ता घेतला.

आता नम्रता रिक्षात आहे, पायल मांडीवर आहे आणि हडपसरच्या पुलाखाली काहीच हलत नाहीये. वारजं अजून खूप लांब आहे. तुमच्यापैकी कोणी तिकडे जवळपास असेल तर माळवाडीच्या भाजी मंडईमागे पिवळी इमारत आहे, तिसरा मजला, जिन्यालगतचं दार. जाल का? उघडेपर्यंत वाजवत राहा.